नीरु

दिवाळीच्या सुट्टीनंतर भरमाणी सुतार वर्गात आला
तेव्हा केस वाढले होते, टाके दिसत नव्हते.
पोरं म्हणाली, बाई, बरा झालाय की ह्यो!

तिथंच सगळा घोळ.
हात प्लॅस्टरात असता तर चौघांनी दप्तर उचललं असतं.
रताळ्याच्या पोत्यांवर बसून मार्केट यार्डाला निघालेला,
बेळगुंदीच्या वळणावर टेम्पोतून पडला
आणि जे मोडलं ते केसांच्या आत राहिलं.

पहिल्याच दिवशी तहान लागली.
ओठ हलले, पाणी सापडेना.
कपाळाला आठी घालून म्हणाला, नीरु.
वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी
घरी ऐकलेलं काही बोललं,
मोर्चात बोलतात तसलं.
तहानेला माध्यम नसतं वगैरे मी म्हटलं नाही.
तांब्या दिला.
दुपारी हिरेमठ सर सांगत आले,
कन्नडच्या तासाला तो पाणी म्हणाला.

सानिका मुतगेकरनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली:
कुर्ची, छत्री, अक्का.
दोन्हीकडं चालणारे शब्द.
हे आधी विचार त्याला बाई, ती म्हणाली,
ह्यात तो चुकूच शकत नाही.

घंटा म्हणजे फणसाला टांगलेला रुळाचा तुकडा.
ती वाजली की तो बाकाखाली.
डोकं दुखूलालंय बाई, डोकं.
मी दांड्याला जुन्या सतरंजीचा तुकडा गुंडाळला.
आता शाळा ठप ठप वाजते,
आणि वरच्या गल्लीतल्या एक बाई भांडून गेल्या
की पोरांना उशीर होतोय, तुमची घंटा मेली काय?

दहा गणितांतली तीन.
बाकीची पुठ्ठ्यानं झाकायची.
पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी.
दुसऱ्या तासानंतर नकाशांच्या कपाटामागं चटई,
वीस मिनिटं, कुणी हाक मारायची नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
डीएडला फळा कसा पुसायचा त्याला मार्क होते.

एकदा मी ओरडले.
अरे काल तर येत होतं!
काल सत्तावीसचा पाढा निम्म्यापर्यंत म्हटलेला,
आज सात दुणे किती तेही नाही.
त्यानं कंपास फेकली, सानिकाच्या भुवईला लागली.
मग तोच रडला, तीच त्याला गप कर म्हणाली,
आणि मी खडूचा डबा उगाच भरत बसले.
त्याला आधीच कळलेलं मला तेव्हा कळलं:
काल हा त्याच्याकडचा पुरावा नाही.

बेळगावहून माहितीचा तक्ता आला, कन्नडमधून.
हिरेमठ सर बोट फिरवत वाचत गेले,
दृष्टी, श्रवण, हातपाय,
मग थांबले. ह्याला रकाना नाही मॅडम.
शेवटी "इतर".
इतर, एक मुलगा, चौथी.

त्याची आई शनिवारी येते,
पदराखाली कोवळी काकडी, नको म्हटलं तरी.
आधीचा भरमा कधी येणार बाई?
ती विचारते आणि हजेरीपटाकडं बघते,
जसं काही त्यात पुढच्या पानावर लिहिलेलं असेल.
मी सांगते, ह्या आठवड्यात पाचही दिवस आला.
एवढंच सांगता येतं.
आधीचा मलाही आवडायचा.

काल तो म्हणाला, मी वाजवू?
दांडा दोन्ही हातांनी धरला, मग एक सोडला,
तो कानावर ठेवला.
सुट्टीला तीन टोले असतात.
ठप.
बराच वेळ.
ठप.
मग तो फणसाकडं बघत राहिला,
सांगत काही नव्हता, विसरला की थकला.
दारात दप्तरं पाठीला लावून अख्खी शाळा खोळंबलेली.
कुणी तीन म्हटलं नाही.
सानिकानं बोट वर केलं होतं, तेही खाली घेतलं.